शेणातल्या, सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकवर बुरशीचा उतारा : काय जमलंय, काय बाकी आहे? जाणून घ्या सविस्तर

गाईच्या सडात सोडलेली ट्यूब, कोंबड्यांच्या पाण्यात घातलेलं औषध, माणसाने घेतलेली गोळी, या सगळ्यातलं अँटिबायोटिक अंगात पूर्ण जिरत नाही. त्याचा बराच भाग शेण, मूत्र, विष्ठा आणि सांडपाण्यातून बाहेर पडतो आणि माती-पाण्यात जातो. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरशी हे उरलेलं औषध मोडू शकतात, असं गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या संशोधनातून पुढे आलं आहे. आपल्याकडे शेडमध्ये पिकवली जाणारी धिंगरी अळिंबीसुद्धा याच गटातली. ही बुरशी नेमकं काय करते, कुठे कमी पडते आणि ती गावापर्यंत पोहोचेपर्यंत गोठ्यात, उकिरड्यावर काय करता येईल, ते पाहू.

औषध शेणात येतं कसं?

अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक, हे जिवाणू मारणारं किंवा त्यांची वाढ थांबवणारं औषध. कासदाह झालेली गाय, हगवण लागलेलं वासरू, सर्दी-खोकल्याची साथ आलेलं पोल्ट्रीचं शेड, अशा ठिकाणी ते वापरलं जातं. ऑक्सिटेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सॅसिन, सल्फा ही नावं पशुपालकांच्या ओळखीची आहेत.

दिलेलं औषध रक्तातून फिरतं, काम करतं आणि नंतर मूत्र व शेणावाटे बाहेर येतं. टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांचा तर निम्म्याहून जास्त भाग फारसा न बदलता बाहेर पडू शकतो. कासदाहाची ट्यूब सोडल्यावर औषध थेट दुधातही उतरतं. असं दूध डेअरीला चालत नाही म्हणून ते उकिरड्यावर ओततात किंवा वासराला पाजतात. शेण उकिरड्यावर जातं, उकिरड्यातून रानात. पावसाचं पाणी पुढचं काम करतं आणि ओढ्या-विहिरीपर्यंत औषधाचे अंश पोहोचतात.

पिकं हे औषध काही प्रमाणात ओढूनही घेतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मका, कांद्याची पात आणि कोबी या पिकांनी खतातलं क्लोरटेट्रासायक्लिन थोड्या प्रमाणात शोषून घेतल्याचं दिसलं. प्रमाण कमी होतं, पण औषध खतातून पिकात जाऊ शकतं हे त्यातून स्पष्ट झालं.

थोड्याशा औषधाने काय बिघडतं?

खरा धोका इथेच आहे. भरपूर मात्रेत औषध असेल तर जिवाणू मरतात. पण माती-पाण्यात कायम थोडं थोडं औषध राहिलं तर कमजोर जिवाणू मरतात आणि त्या औषधाला दाद न देणारे तेवढे शिल्लक राहतात. त्यांचीच पैदास वाढते. एवढ्यावर हे थांबत नाही. जिवाणू आपला हा गुण शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. शेणातल्या निरुपद्रवी जिवाणूचा गुण उद्या माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूत जाऊ शकतो.

जनावराचं औषध वेगळं आणि माणसाचं वेगळं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. एन्रोफ्लॉक्सॅसिन जनावरांसाठी विकलं जातं, पण जनावराच्या अंगात त्याच्या काही भागाचं सिप्रोफ्लॉक्सॅसिन होतं. हेच सिप्रोफ्लॉक्सॅसिन माणसाच्या गोळीत असतं. अमेरिकेने २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एन्रोफ्लॉक्सॅसिन बंद केलं ते याच कारणाने. कोंबड्यांमधले दाद न देणारे जिवाणू माणसांच्या हगवणीत सापडू लागले होते.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या अंदाजानुसार, २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे झाले. बाळंतिणीचा ताप असो, लहान मुलाचा न्यूमोनिया असो की म्हशीची कास, औषधच लागू पडलं नाही तर डॉक्टरच्या हातात फारसं काही राहत नाही.

पाटणचेरूचं पाणी

औषधाचे अंश पाण्यात किती साचू शकतात याचं जगभर दिलं जाणारं उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातलं आहे. तूर आणि ज्वारीवर काम करणारी इक्रिसॅट ही संस्था जिथे आहे, ते हैदराबादजवळचं पाटणचेरू. तिथे औषधं बनवणारे अनेक कारखाने आहेत. सुमारे ९० कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या एका सामाईक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी स्वीडनचे संशोधक योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी तपासलं. २००७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या त्या पाण्यात एका लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन निघालं.

हा आकडा सोपा करून सांगायचा तर सोळा लिटरच्या घागरीत ५०० मिलिग्रॅमची एक गोळी विरघळवल्यासारखं. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात जेवढं औषध असतं, त्याहून हे प्रमाण जास्त होतं.

या भागातलं पाणी नक्कावागू या ओढ्यातून मांजरा नदीला मिळतं. ही तीच मांजरा, जी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूर आणि बिदर करत तेलंगणात जाते आणि पुढे नांदेड जिल्ह्याच्या हद्दीवरून गोदावरीला मिळते.

नेहमीची सांडपाणी प्रक्रिया जिवाणूंच्या जोरावर चालते. पण अँटिबायोटिक हे जिवाणू मारायलाच बनवलेलं असतं. ज्याला मारायचं त्याच्याकडूनच ते खाऊन घ्यायचं, ही अडचण आहे. म्हणून संशोधकांची नजर बुरशीकडे वळली.

बुरशीला औषध का बाधत नाही?

बुरशी आणि जिवाणू दोन्ही डोळ्याआडचे, पण दोघांची घडण वेगळी. पेनिसिलीन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. बुरशीची भिंत वेगळ्याच पदार्थाची असते, त्यामुळे तिच्यावर पेनिसिलीनचा असर होत नाही. टेट्रासायक्लिन जिवाणूचं प्रथिन बनवण्याचं यंत्र अडवतं. बुरशीचं ते यंत्रही वेगळ्या घडणीचं असतं.

खरं तर पहिलं प्रसिद्ध अँटिबायोटिक बुरशीनेच दिलं. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलियम बुरशीभोवती जिवाणू मरताना दिसले आणि त्यातून पेनिसिलीन आलं. आपल्याकडे पेनिसिलीन बनवण्यासाठी १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. एका बुरशीने औषध दिलं आणि दुसऱ्या बुरशी उरलेलं औषध मोडायला कामी येऊ शकतात, असा हा प्रकार आहे.

लाकूड खाणारी बुरशी औषध कसं मोडते?

पऱ्हाटी, तुराटी, बाभळीचं लाकूड यांना कडकपणा येतो तो लिग्निन नावाच्या पदार्थामुळे. लिग्निन कुजायला अतिशय चिवट. त्याची रचना वेडीवाकडी, कुठे एकसारखी नाही. जनावराच्या पोटातही ते पचत नाही. पण पांढरी कूज आणणाऱ्या बुरशी ते मोडतात. पावसाळ्यात पडलेल्या ओंडक्यावर पंख्यासारख्या रंगीत पट्ट्यांची छत्री दिसते, लाकूड फोडलं तर आत पांढरट, तंतू-तंतू झालेलं असतं, ती ही पांढरी कूज.

पोटातला किंवा पेशीतला कोणताही पदार्थ तोडायला एन्झाइम म्हणजे विकर लागतं. बहुतेक विकरं कुलूप-किल्लीसारखी असतात. एका किल्लीने एकच कुलूप उघडतं. लिग्निनची रचना मात्र जागोजागी वेगळी असल्याने तिथे किल्ली चालत नाही, घण लागतो. लॅकेस, मॅंगनीज पेरॉक्सिडेज आणि लिग्निन पेरॉक्सिडेज ही विकरं म्हणजे या बुरशींचे घण. बुरशी ती आपल्या तंतूंबाहेर सोडते. ही विकरं समोरच्या पदार्थातले इलेक्ट्रॉन ओढून घेतात, पदार्थ अस्थिर होतो आणि त्याचे तुकडे पडतात.

घण लाकूड आणि औषध असा भेद करत नाही. लिग्निनसारख्या कड्या असलेला पदार्थ समोर आला की त्यावरही तो पडतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८५ मध्ये फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही पांढऱ्या कुजीची बुरशी डीडीटीसारखी चिवट रसायनंही मोडते असं दाखवलं. तिथून रंग, कीटकनाशकं आणि मग औषधं, असा हा अभ्यास वाढत गेला.

लॅकेस हे नावही झाडावरून आलं. १८८३ मध्ये जपानचे योशिदा यांनी लॅकर झाडाच्या चिकात हे विकर ओळखलं. ते हवेतल्या ऑक्सिजनवर काम करतं, म्हणून संशोधकांना ते सोयीचं वाटतं.

कोणत्या बुरशीने काय मोडलं?

- तपकिरी कुजीची ग्लिओफायलम स्ट्रायटम : जर्मनीतल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की ही बुरशी एन्रोफ्लॉक्सॅसिन मोडते. तिची पद्धत वेगळी आहे. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मदतीने ती अतिशय तीव्र कण तयार करते आणि ते औषधावर तुटून पडतात.

- पांढऱ्या कुजीची ट्रॅमेटीस व्हर्सिकलर : रंगीत पट्ट्यांच्या छत्रीची हीच बुरशी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात द्रव माध्यमात वाढवलेल्या या बुरशीने सात दिवसांत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि नॉरफ्लॉक्सॅसिनचा ९० टक्क्यांहून जास्त भाग मोडला. सल्फा गटातली काही औषधंही ती मोडते.

- धिंगरी अळिंबी, म्हणजे प्लुरोटस ऑस्ट्रिएटस : इटलीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात धिंगरीच्या तंतूंनी द्रव माध्यमातलं ऑक्सिटेट्रासायक्लिन सुमारे दोन आठवड्यांत जवळपास संपवलं.

हे सगळे प्रयोग प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यातले आहेत. स्वच्छ भांडं, मोजून घातलेलं औषध, बुरशीला हवं तसं तापमान. गावच्या नाल्यात किंवा उकिरड्यात असं काही नसतं.

दवाखान्याच्या सांडपाण्यावर बार्सिलोनात प्रयोग

खऱ्या सांडपाण्यावर बुरशी चालते का, हे स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या स्वायत्त विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं. त्यांनी ट्रॅमेटीस व्हर्सिकलरचे छोटे गोळे वाढवले आणि खालून हवा सोडून ते टाकीत तरंगते ठेवले. त्यात दवाखान्याचं सांडपाणी सोडलं. निर्जंतुक न केलेल्या सांडपाण्यातही आठ दिवसांत अँटिबायोटिकसह बऱ्याच औषधांचं प्रमाण उतरलं. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण त्यासाठी काय काय करावं लागलं, तेही पाहायला हवं. पाण्याचा सामू आंबट बाजूला, साडेचारच्या आसपास ठेवावा लागला. तापमान २५ अंशांवर धरावं लागलं. बुरशीला खायला ग्लुकोज आणि नत्र द्यावं लागलं. नुसत्या औषधावर बुरशी जगत नाही. तिला वेगळं खाणं लागतं, औषध ती जाता जाता मोडते.

अडचणी कोणत्या?

१. जिवाणूंची गर्दी. सांडपाणी आणि शेण जिवाणूंनी भरलेलं असतं. ते बुरशीपेक्षा झपाट्याने वाढतात, तिचं खाणं पळवतात आणि काही दिवसांत तिला दाबून टाकतात. मशरूम करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. काड नीट निर्जंतुक झालं नाही तर पिशवी हिरवी-काळी पडून वाया जाते, तसंच हे.

२. वेळ. बुरशीला दिवस लागतात. शहराचं लाखो लिटर सांडपाणी काही तासांत टाकीतून पुढे जातं. म्हणून दवाखाना, औषध कारखाना अशा जागी, जिथे पाणी कमी आणि औषध जास्त, तिथेच हा मार्ग आधी जमण्यासारखा आहे.

३. अर्धवट मोडलेले तुकडे. औषध मोडलं म्हणजे ते पाणी आणि कार्बन डाय ऑक्साइडच झालं असं नाही. मधले तुकडे राहतात. बहुतेक तुकड्यांचा जिवाणू मारण्याचा गुण कमी झालेला असतो, पण ते दरवेळी तपासावं लागतं.

४. दाद न देण्याचा गुण उरतोच. बुरशी औषध मोडते. आधीच तयार झालेले, औषधाला दाद न देणारे जिवाणू आणि त्यांची जनुकं तेवढ्याने नाहीशी होत नाहीत.

मशरूमच्या उरलेल्या काडाचं काय?

एक किलो अळिंबी निघाली की साधारण पाच किलो वापरलेलं काड उरतं, असा जगभर धरला जाणारा हिशोब आहे. त्या काडात बुरशीचे तंतू जिवंत असतात आणि लॅकेससारखी विकरंही शिल्लक असतात. म्हणून हे काड पाणी आणि खत स्वच्छ करायला वापरता येईल का, यावर अनेक देशांत अभ्यास चालू आहे. नवीन बुरशी वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

ज्या गावात धिंगरीचं शेड आहे, तिथे हे काड फेकून न देता शेणखताच्या ढिगात मिसळावं. खताला काडीचा भाग मिळतो, ढीग भुसभुशीत राहून हवा खेळती राहते. त्याने औषधाचे अंश अमुक इतके कमी होतील, असा दावा मात्र कुणी करू नये. शेतातल्या ढिगासाठी मोजमाप करून ठरवलेली मात्रा हाती नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. औषध दिलेल्या जनावराच्या शेणावर किंवा घाण पाण्यावर खायची अळिंबी पिकवू नये. बुरशी आजूबाजूचे पदार्थ तंतूंमध्ये ओढून घेते. औषधच नाही, तर जड धातूही तिच्यात साठू शकतात. सफाईला वापरलेली बुरशी ही सफाईसाठीच. ती ताटात येता कामा नये.

ट्रायकोडर्मा हे काम करतो का?

ट्रायकोडर्मा मातीतली उपयोगी बुरशी आहे. मर, मूळकूज यावर आणि काडीकचरा कुजवायला ती वापरतात. पण ती पांढऱ्या कुजीच्या गटातली नाही. तिने प्रयोगशाळेत एखाद्या औषधाची रचना बदलल्याचे अभ्यास असले तरी दुकानातलं पाकीट त्या कामासाठी तपासून विकलेलं नसतं. "शेणातलं अँटिबायोटिक संपवणारं कल्चर" असं सांगत कुणी बाटली घेऊन आलं तर कोणत्या औषधावर, किती दिवसांत, कुठे तपासलं, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर नसेल तर पैसे घालू नयेत.

आज हातात असलेला उपाय : नीट कुजवलेलं खत

ताजं शेण किंवा कच्चं कोंबडखत थेट रानात टाकण्यापेक्षा ते गरम ढिगात कुजवल्याने काही औषधं चांगलीच कमी होतात. अमेरिकेत टर्की पक्ष्यांच्या खतावर झालेल्या २००८ च्या अभ्यासात तीन ते पाच आठवडे कुजवल्यावर क्लोरटेट्रासायक्लिन ९९ टक्क्यांहून जास्त कमी झालं. टायलोसिन आणि मोनेन्सिन अर्ध्याहून जास्त कमी झालं. सल्फामेथाझिन मात्र जसंच्या तसं राहिलं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातली औषधंही मातीच्या आणि शेणाच्या कणांना घट्ट चिकटतात आणि दीर्घकाळ टिकतात.

म्हणजे ढीग टेट्रासायक्लिनवर चांगला चालतो, सल्फावर कमी पडतो. जिथे ढीग कमी पडतो तिथेच ट्रॅमेटीससारख्या बुरशीची आशा आहे, म्हणून हे संशोधन महत्त्वाचं. ढीग लावताना एवढं पाळावं :

- ढीग विहीर, बोअर आणि ओढ्यापासून लांब, उंचवट्यावर लावावा. पावसाचं पाणी आत शिरू नये आणि ढिगातलं काळं पाणी बाहेर वाहू नये.
- नुसतं शेण नको. पाचट, काड, पालापाचोळा, सोयाबीनचं भुसकट यांचे थर द्यावेत.
- ओल एवढीच की मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये.
- ढीग साधारण एक ते दीड मीटर उंच असावा. त्याहून लहान ढीग तापत नाही.
- लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवावी. काही वेळाने काढल्यावर हाताला चटका बसला तर ढीग चांगला तापला आहे. आत ५५ अंशांच्या वर तापमान काही दिवस राहायला हवं.
- सुरुवातीला आठ-दहा दिवसांनी ढीग खाली-वर करावा, म्हणजे कडेचा मालही आत जाऊन तापतो.
- खत काळं, भुसभुशीत आणि बिनवासाचं झाल्यावरच रानात न्यावं. भाजीपाल्याच्या वाफ्यात कच्चं कोंबडखत टाकू नये.

गोठ्यात काय पाळावं?

बुरशी असो की ढीग, दोन्ही नंतरचे उपाय. औषध कमी लागलं तर शेणात येणारंही कमी होतं.

- धार काढण्याआधी आणि नंतर सड धुवावेत, जंतुनाशकात बुडवावेत. कासदाह कमी झाला की ट्यूब कमी लागतात.
- घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यावी. हे दोन्ही जिवाणूंचे रोग. लस असेल तर औषधाची वेळ कमी येते.
- मागच्या वेळची उरलेली बाटली किंवा शेजाऱ्याने सांगितलेलं इंजेक्शन स्वतःच्या मनाने देऊ नये. पशुवैद्यकांना दाखवावं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो.
- डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. जनावर उठलं म्हणून मधेच औषध सोडू नये.
- औषध चालू असलेल्या गाईचं दूध वासराला पाजू नये. त्याच्या पोटातच दाद न देणारे जिवाणू तयार होतात. ते दूध ओढ्यात किंवा गटारीतही ओतू नये. कुजवायच्या ढिगात थोडं थोडं जिरवावं.
- आजारी जनावराचं शेण शक्य असेल तर वेगळ्या ढिगात टाकावं आणि तो ढीग जास्त दिवस कुजवावा.
- मुदत संपलेली औषधं विहिरीत, ओढ्यात, उकिरड्यात टाकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून तिथे द्यावीत.

नियम काय सांगतात?

औषध दिल्यानंतर दूध, अंडी, मांस किती दिवस विकू नये, हा काळ औषधाच्या लेबलवर छापणं २०१२ पासून बंधनकारक आहे. लेबलवर काळ दिलेला नसेल तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत, असा नियम आहे.

कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या टप्प्यावर वापरायचं औषध. ते दुभत्या आणि मांसाच्या जनावरांत, कोंबड्यांत, मत्स्यशेतीत आणि खाद्यात वापरायला केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली.

डाळिंबाच्या तेल्यावर स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचं मिश्रण फवारण्याची पद्धत अनेक वर्षं होती. पिकांवरचा हा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचं पाऊल केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये उचललं. फवारणीआधी सध्या कशाची शिफारस आहे हे कृषी सहायकांकडून विचारून घ्यावं.

कारखान्यांच्या सांडपाण्याबाबत मात्र मोठी पोकळी आहे. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकला मर्यादा सुचवली होती. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम नियमात ती मर्यादा राहिली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये अँटिबायोटिक कारखान्यांच्या सांडपाणी व कचऱ्याबाबत पहिली मार्गदर्शक सूचना काढली. गोठ्यातल्या शेणाचं शेतकरी पाहील, पण कारखान्याच्या नळीचं मोजमाप सरकारलाच ठरवावं लागेल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दूध उकळल्यावर अँटिबायोटिक जातं का?
नाही. उकळल्याने जिवाणू मरतात. बहुतेक औषधं त्या उष्णतेत मोठ्या प्रमाणात टिकून राहतात. म्हणून विकायचा काळ पाळणं हाच उपाय.

गोबरगॅसमध्ये औषध मोडतं का?
काही औषधं कमी होतात, काही नाही. औषध चालू असलेल्या बऱ्याच जनावरांचं शेण एकदम टाकलं तर गॅस करणारे जिवाणूच मंदावू शकतात. स्लरी पुन्हा काडीकचऱ्यात कुजवून वापरावी.

रानातल्या ओंडक्यावरची छत्री आणून उकिरड्यात टाकली तर?
उपयोग नाही. उकिरड्यात शेणाचं प्रमाण जास्त, जिवाणू भरपूर आणि सामूही तिला न मानवणारा. ती तिथे टिकत नाही. शिवाय रानटी छत्री विषारी असू शकते, मुलांच्या हाती लागू देऊ नये.

गावासाठी हे तंत्र कधी येईल?
आधी दवाखाने, औषध कारखाने आणि मोठी पोल्ट्री फार्म अशा एका जागी जास्त औषध निघणाऱ्या ठिकाणी ते बसण्याची शक्यता जास्त. गावपातळीवर मशरूमच्या उरलेल्या काडाचा उपयोग हा सर्वांत जवळचा धागा आहे. तोपर्यंत लेबलवरचे दिवस मोजणं आणि ढीग तापवणं, ही दोन कामं प्रत्येक गोठ्यात आजपासून करता येण्यासारखी आहेत.